तारेला लांबीचे बंधन का?



आपल्या पोरांपैकी पुष्कळजण आता तारा ओढण्याच्या धंद्यात आहेत. कोणी टी.व्ही.च्या केबलचे काम करता करता इंटरनेटच्या कामात शिरला, कोणी आय.टी.आय.ला इलेक्ट्रिशियन होऊन दुकानांत, शाळांत कॅमेरे बसवतो, कोणी नागापूरच्या एम.आय.डी.सी.त ठेकेदाराच्या हाताखाली आहे. या पोरांना पहिल्याच आठवड्यात एक आकडा पाठ करायला लावतात : शंभर मीटर. एका यंत्रापासून दुसऱ्या यंत्रापर्यंत नेटवर्कची तार शंभर मीटरच्या पुढे न्यायची नाही. का? उस्ताद म्हणतो, "नियम आहे." नियम आहे म्हणून पाळा, कारण विचारू नका, हे वाक्य आपल्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या ऐकले आहे. तेव्हा आज कारण विचारू.

मात्र शंभर मीटरचे कारण कळायला आधी त्याच्या अगोदरचे एक बंधन समजून घ्यावे लागेल. ते वेळेचे होते. ते समजावून द्यायला कॉम्प्युटरची गरज नाही, शेत पुरे.

राहुरी-श्रीरामपूरच्या बागायती पट्ट्यात उसाला पाणी द्यायचे काम ज्यांनी केले आहे त्यांना हे चित्र सहज दिसेल. एक गडी विहिरीवर मोटारीपाशी. दुसरा पार शेवटच्या बांधावर. मध्ये, पण बांधाच्या बाजूला जास्त, दारं धरणारी बाई. शेताची लांबी समजा ३४० मीटर. आवाज सेकंदाला साधारण तेवढेच अंतर जातो, म्हणजे एका टोकाची हाक दुसऱ्या टोकाला पोहोचायला एक सेकंद लागतो. दोघेही समंजस आहेत. दुसरा बोलत असेल तर मध्ये बोलायचे नाही, आधी कानोसा घ्यायचा, शांत असेल तरच हाक मारायची, असे त्यांचे ठरले आहे.

मोटारीवरचा कानोसा घेतो. शांत आहे. तो तोडकी हाक देतो, "दारं मोड!" अर्ध्या सेकंदात त्याचे बोलून होते. हाक निघाली, पण अजून वाटेत आहे. ती बांधावर पोहोचायच्या किंचित अगोदर बांधावरच्याने कानोसा घेतला. त्यालाही शांत वाटले. त्यानेही ओरडून सांगितले, "मोटार बंद!" दोन्ही हाका बांधाजवळ एकमेकींवर आदळल्या. दारं धरणाऱ्या बाईला फक्त गोंधळ ऐकू आला. बांधावरच्याला लगेच कळले, कारण तो बोलत असतानाच दुसरा आवाज कानावर आला. पण मोटारीवरचा? बांधावरची हाक त्याच्यापर्यंत यायला आणखी एक सेकंद लागला. म्हणजे त्याने बोलायला सुरुवात केल्यापासून दोन सेकंद झाले. त्याचे बोलणे दीड सेकंदापूर्वीच संपले होते. त्याच्या कानाला "मोटार बंद" स्वच्छ ऐकू आले. त्याला वाटले, आपला निरोप पोहोचला आणि आता तिकडचा आला. आपली हाक बुडाली हे त्याला कधीच कळणार नाही.

यावर उपाय एकच. मोटारीवरच्याने निदान दोन सेकंद बोलत राहायला हवे होते. एक सेकंद आवाज जायला आणि एक सेकंद टक्कर झाल्याची खबर परत यायला. शेत दुप्पट लांब असेल तर हाक चार सेकंदांची हवी. आणि हाक दोनच सेकंदांची ठेवायची असेल तर शेत ३४० मीटरपेक्षा लांब असता कामा नये. हाकेची लांबी आणि शेताची लांबी अशी एकमेकांना बांधलेली आहे. पहिल्या कॉम्प्युटर नेटवर्कमधले बंधन हेच.

आता इतिहास. प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांवरच्या विद्यापीठात नॉर्मन अब्राम्सन या प्राध्यापकाने १९७१ साली बेटाबेटांवरची यंत्रे रेडिओने जोडली. कोणीही केव्हाही बोलावे, निरोप बुडाला तर पुन्हा पाठवावा, असा तो कारभार. त्यात कानोसा घेणे नव्हते, म्हणून एकूण क्षमतेपैकी जेमतेम १८ टक्केच कामी यायची. त्यावर विचार करून अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफ यांनी २२ मे १९७३ रोजी एक टिपण लिहिले आणि त्यात इथरनेट हे नाव आले. डेव्हिड बॉग्ज यांच्या जोडीने त्यांनी ते प्रत्यक्षात उभे केले. एक जाड तार, सुमारे एक किलोमीटर लांब. तिला सगळी यंत्रे जोडलेली. वेग सेकंदाला २९.४ लाख बिट. (बिट म्हणजे एक किंवा शून्य, निरोपातले सर्वांत लहान अक्षर म्हणा.) हा विचित्र आकडा कोठून आला? त्यांच्या ऑल्टो नावाच्या कॉम्प्युटरचे घड्याळ १७० नॅनोसेकंदांचा ठोका देत असे. दोन ठोक्यांना एक बिट, एवढाच त्याचा हिशेब. थोर शोधांतले पुष्कळ आकडे असे हाताशी जे होते त्यावरून ठरलेले असतात.

त्यात नवीन काय होते? एक, बोलण्याआधी ऐकणे. दोन, बोलत असताना सुद्धा ऐकत राहणे. टक्कर झाली की दोघांनीही थांबायचे, आणि प्रत्येकाने आपापल्या मनाने चिठ्ठी काढावी तसा थोडा वेळ निवडून तेवढे थांबून पुन्हा बोलायचे. या तारेवर पाटील नाही. आधी कोण, नंतर कोण, हे ठरवणारा वर कोणी बसलेला नाही. पाणवठ्यावर कोणाचा हंडा पुढे लागायचा यासाठी ज्यांना लढावे लागले, त्यांना ही गोष्ट लहान वाटणार नाही.

याच्या उलट दुसरी एक पद्धत होती, टोकन रिंग. आय.बी.एम.ने ती १९८५ साली बाजारात आणली. आपल्यातले जुने रेल्वेवाले ती चटकन ओळखतील. एकेरी मार्गावर वेताच्या कड्यातल्या पिशवीत टोकनचा गोळा घेतल्याशिवाय ड्रायव्हर गाडी पुढल्या टप्प्यात नेत नसे. तसेच येथे टोकन हातात येईल त्यानेच बोलायचे. टक्कर होतच नाही. पण टोकन हरवले की ते शोधत बसा, आणि माल महाग. शेवटी स्वस्त आणि साधे तेच जिंकले.

आता वेळेचा हिशेब मांडू. ३० सप्टेंबर १९८० रोजी डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी मिळून इथरनेटचा खुला आराखडा प्रसिद्ध केला. वेग वाढवून सेकंदाला एक कोटी बिट केला, म्हणजे दहा मेगाबिट. १९८३ साली थोड्या फरकाने तेच मानक ठरले. त्यातला सर्वांत महत्त्वाचा आकडा ५१२. कोणताही निरोप ५१२ बिटांपेक्षा, म्हणजे ६४ बाइटपेक्षा लहान असू नये. दहा मेगाबिटला एक बिट पाठवायला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचाही दहावा भाग लागतो. ५१२ बिटांना ५१.२ मायक्रोसेकंद. ही झाली हाकेची लांबी.

आणि शेताची लांबी? त्या जाड तारेत विजेचा संकेत प्रकाशाच्या ७७ टक्के वेगाने धावतो. एका मायक्रोसेकंदात सुमारे २३१ मीटर. म्हणजे तारेत एक बिट २३ मीटर जागा घेते! मला हा आकडा फार आवडतो. आपण बिट म्हणजे काहीतरी सूक्ष्म, न दिसणारे असे समजतो, आणि येथे ते दोन-तीन एस.टी. गाड्या एकीमागे एक उभ्या कराव्यात एवढे लांब निघते. सगळ्यात लहान निरोप, ५१२ बिटांचा, तारेत पसरला तर जवळजवळ बारा किलोमीटर भरेल. नगर शहरातून एक टोक धरले तर दुसरे टोक आपण ज्याला चांदबिबीचा महाल म्हणतो त्या सलाबतखानाच्या कबरीच्या आसपास जाईल.

मग बारा किलोमीटरच्या निम्मी, सहा किलोमीटर तार टाकता आली असती ना? जाऊन-येऊन बाराच झाले. नाही. नियम होता जास्तीत जास्त २५०० मीटरचा. राहिलेला वेळ कोठे गेला हे पाहण्यासारखे आहे. अडीच किलोमीटर जाऊन-येऊन पाच, त्याला लागतात सुमारे २२ मायक्रोसेकंद. पण एवढी तार एकसंध नसते. जाड तारेचा एक तुकडा ५०० मीटरचाच, कारण त्यापुढे संकेत इतका दमतो की ओळखू येत नाही. मग तुकड्यांच्या मध्ये रिपीटर नावाची पेटी बसवायची. ती दमलेला संकेत घेऊन ताजातवाना करून पुढे ढकलते. विहिरीवरून घरापर्यंत हातोहात घागरी देताना प्रत्येक हाताला क्षणभर लागतोच, तसा प्रत्येक पेटीत थोडा वेळ जातो. जाताना जातो आणि येतानाही जातो. शिवाय प्रत्येक कॉम्प्युटरला तारेवर चढवणारा जोड, त्याची आपली पन्नास मीटरपर्यंतची वायर, टक्कर ओळखायला लागणारा वेळ. हे सारे मिळून हिशेब भरत येतो. म्हणून पाच तुकडे, चार पेट्या, आणि पाचांपैकी तीनच तुकड्यांवर कॉम्प्युटर. जुन्या पुस्तकांत यालाच ५-४-३ चा नियम म्हणत.

हा नियम मोडला तर काय व्हायचे? येथे पोरांनी नीट लक्ष द्यावे. नेटवर्क बंद पडत नसे. सकाळी दोन-चार माणसे कामावर असताना सगळे सुरळीत. दुपारी गर्दी झाली की फायली अडकू लागायच्या. कारण टक्कर उशिरा कळायची, बोलणाऱ्याचे बोलून झाल्यावर, मोटारीवरच्या गड्यासारखी. तारेला काही कळत नाही, जोडणीची तपासणी केली तर सगळे बरोबर, आणि तरी काम होत नाही. जो दोष नेहमी दिसतो तो लवकर सापडतो. गर्दीतच उगवणारा दोष माणसाची नोकरी घालवतो.

आणि त्या पाटील नसलेल्या तारेवर सगळे खरोखर समान होते का? नियमात होते, व्यवहारात पूर्ण नव्हते. टक्कर झाली की दोघे शून्य किंवा एक यातला आकडा निवडतात. पुन्हा टक्कर झाली तर शून्य ते तीन, मग शून्य ते सात, असे वाढत १०२३ पर्यंत. आता पहिल्या टकरीत एकाचा निरोप गेला. त्याचा पुढचा निरोप नवा, त्याची पाटी कोरी, तो पुन्हा शून्य-एकमध्ये खेळतो. हरलेला मात्र शून्य ते तीनमध्ये. साहजिकच पहिला पुन्हा जिंकण्याचा संभव जास्त. हरलेला आणखी मागे, आणखी मागे, आणि सोळा प्रयत्न फसले की निरोप टाकून देतो. सर्वांना एकच नियम लावला तरी एकदा पुढे गेलेला पुढेच राहतो, हे इंजिनियरांना आकडेमोड केल्यावर दिसले.

या कहाणीत महाराष्ट्रात शिकलेला एक माणूस आहे, त्याचे नाव आपल्या मुलांना ठाऊक असावे. योगेन दलाल. मुंबईच्या पवई येथील आय.आय.टी.तून १९७२ साली पदवी घेऊन ते अमेरिकेत स्टॅनफर्डला गेले. डिसेंबर १९७४ मध्ये इंटरनेटच्या निरोप-व्यवहाराचा जो पहिला तपशीलवार मसुदा निघाला, त्यावर व्हिंटन सर्फ आणि कार्ल सनशाईन यांच्या बरोबरीने त्यांचे नाव आहे. पुढे ते झेरॉक्समध्ये दहा मेगाबिटचे इथरनेट घडवणाऱ्यांत होते. पहिल्या प्रायोगिक इथरनेटमध्ये यंत्रांना आठ बिटांचे क्रमांक होते, म्हणजे एका तारेवर २५६ पत्ते. १९८१ साली दलाल आणि रॉबर्ट प्रिंटिस यांनी असे मांडले की प्रत्येक यंत्राला ४८ बिटांचा, जगात दुसऱ्या कोणाचा नसेल असा क्रमांक असावा. असे २८१ लाख कोटींहून जास्त क्रमांक होतात. तुमच्या मोबाईलच्या सेटिंगमध्ये "वाय-फाय मॅक पत्ता" म्हणून बारा अक्षर-आकड्यांची ओळ दिसते ती हीच. (आजकालचे फोन खाजगीपणासाठी खऱ्याऐवजी तात्पुरता पत्ता दाखवतात, ते निराळे.) या क्रमांकात बनवणाऱ्या कंपनीची खूण आणि अनुक्रम असतो. यंत्र कोणत्या गावचे, कोणत्या आळीचे, हे त्यावरून कळत नाही.

आपल्या देशात १९८६ साली अर्नेट ही शिक्षणसंस्थांची जोडणी सुरू झाली. आठ संस्था होत्या, त्यांपैकी मुंबईच्या दोन : आय.आय.टी. आणि राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र. संस्थेच्या आवारात तार आणि एका संस्थेहून दुसरीकडे जायला टेलिफोनची लाईन, कारण इथरनेटची तार आवाराबाहेर जाऊच शकत नव्हती. "लोकल" या शब्दाचा अर्थ तोच.

जिल्ह्याजिल्ह्यात, तालुक्याच्या गावी १९९० नंतर कॉम्प्युटरचे वर्ग निघाले तेव्हा ही तार बोटाएवढी जाड राहिली नव्हती. टी.व्ही.च्या केबलसारखी बारीक, काळी. तिची मर्यादा १८५ मीटर आणि तीसच कॉम्प्युटर. प्रत्येक कॉम्प्युटरमागे इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा जोड, आणि तारेच्या दोन्ही टोकांना पन्नास ओहमची टोपी. ती टोपी नसली तर संकेत उघड्या टोकावर आपटून माघारी येतो आणि स्वतःच स्वतःशी टक्कर घेतो. कोणी झाडताना किंवा टेबल सरकवताना ती टोपी निघाली की सगळा वर्ग ठप्प. फी भरलेल्या मुलाचा तास बुडायचा तो बुडायचाच.

मग वेग वाढला आणि बंधन आवळले. १९९५ साली शंभर मेगाबिटचे इथरनेट आले. निरोप तोच ६४ बाइटचा ठेवला, पण तो दहापट लवकर बोलून होऊ लागला, ५.१२ मायक्रोसेकंदांत. हाक आखूड झाली, तेव्हा शेतही आखूड झाले. अडीच किलोमीटरच्या जागी तांब्याच्या तारेने अवघे २०५ मीटर. १९९८ साली हजार मेगाबिटचे आले तेव्हा याच हिशेबाने वीसेक मीटरच उरले असते. म्हणून तेथे हाक लांबवली, ६४ ऐवजी ५१२ बाइट.

पण तोवर टक्करच संपवणारी पेटी आली होती. १९९० साली कल्पना नावाच्या कंपनीने पहिला इथरनेट स्विच विकायला काढला. होय, कल्पना, आपल्या घराघरांतले नाव. विनोद भारद्वाज हे तिच्या संस्थापकांपैकी. १९९४ साली ती सिस्कोने घेतली. स्विचमध्ये प्रत्येक कॉम्प्युटरला स्वतंत्र वाट. पुढे जायची आणि यायची वाटही वेगळी झाली, १९९७ साली त्याचे मानक ठरले. सामायिक तार नाही, तर टक्कर नाही. टक्कर नाही, तर खबर परत येण्याची वाट पाहणे नाही. वेळेचे बंधन गळून पडले.

मग शंभर मीटर कशासाठी राहिले? ते दमण्याचे बंधन आहे. १९९० साली टेलिफोनसारख्या पिळाच्या तारेवर इथरनेट आले. कचेऱ्यांत टेलिफोनच्या तारा साधारण जेवढ्या लांब जात त्या मापाने शंभर मीटर धरले : भिंतीतली नव्वद आणि दोन्ही टोकांच्या सुट्या वायरी मिळून दहा. त्यापुढे संकेत क्षीण होतो आणि शेजारच्या जोडीचा आवाज त्याला गिळतो.

श्रीगोंदा तालुक्यातून एका भगिनीचे पत्र आहे. तिच्या मुलाने एका आवारात कॅमेऱ्यांच्या तारा ओढल्या. टोकाचा एक कॅमेरा दिवसा चालतो, रात्री बंद पडतो. काम देणाऱ्याने पोराची सहा दिवसांची मजुरी अडवून धरली. ताई, पोराला सांगा, तारेच्या आवरणावर दर मीटरला आकडा छापलेला असतो. दोन्ही टोकांचे आकडे वाचून वजाबाकी करायची आणि फोटो काढून ठेवायचा. शंभरच्या वर निघाले तर कॅमेऱ्याची जागा दाखवणाऱ्याने अंतर मोजले नव्हते, हे त्याच्यासमोर ठेवता येते. रात्री अंधारात कॅमेऱ्याचे दिवे लागतात, वीज जास्त लागते, ती याच तारेतून जाते आणि लांब तारेत वाटेतच खाल्ली जाते. तार तांब्याची आहे की तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची, हेही टोक खरवडून पाहावे. आत पांढरे दिसले तर माल कोणी आणला ते विचारावे. दुरुस्ती अवघड नाही. मध्ये शंभराच्या आत एक छोटा स्विच, नाहीतर लांब टप्प्याला काचेची तार. आणि पुढच्या कामाला हात घालण्यापूर्वी अंतर भिंतीच्या कडेने, चढ-उतारासह मोजून कागदावर लिहून त्यावर सही घ्यावी. सरळ रेषेत सत्तर मीटर दिसणारी जागा वळणावळणाने एकशे तीस भरते.

राहता राहिले ६४ बाइट. टक्कर गेली, स्विच आले, तारा काचेच्या झाल्या, पण तो नियम अजून आहे. एखादे यंत्र नुसते "हा पत्ता कोणाचा?" एवढेच विचारते, तेव्हा त्याचा मजकूर २८ बाइटचा असतो. किमान ४६ हवेत, म्हणून मागे अठरा बाइट निव्वळ भरतीचे लावतात, बहुधा शून्ये. पत्ते आणि तपासणीचे अठरा मिळवले की ६४ होतात. घरातला वाय-फायचा डबा आणि त्याला तारेने जोडलेला कॉम्प्युटर यांच्यात अशी पोकळ शून्ये आजही दिवसभर धावतात, जाड तारेवरच्या अडीच किलोमीटरच्या हिशेबाने.